आमदाराला सहा वर्षे, शिपायाला जन्मभर

दोषी ठरलेल्या लोकप्रतिनिधीला आजन्म निवडणूक लढवू देऊ नये, अशी मागणी करणारी याचिका २०१६ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने तिला विरोध करणारे प्रतिज्ञापत्र दिले, तेव्हापासून हा वाद आमच्या बडोद्यातही पेटलेला आहे. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात चार मराठी माणसे जमली की विषय तिथे येतोच. परवा एका बैठकीत एका निवृत्त अधिकाऱ्यांनी सगळ्यांना गप्प करणारा मुद्दा मांडला: "शिपाई दोषी ठरला तर नोकरी जाते ती कायमची. मग आमदार सहा वर्षांनी पुन्हा कायदे करायला कसा येतो?" टाळ्या पडल्या. काका, तराजू कललेला आहे हे तुम्ही अगदी बरोबर पाहिलेत. पण तो सरळ करायचा तर आमदाराला जन्मभर बाहेर ठेवायचे, एवढाच मार्ग का सुचावा? शिपायाला जन्मभर का, हा प्रश्न त्या खोलीत एकानेही विचारला नाही. माझे म्हणणे तिथूनच सुरू होते. दोषसिद्धी म्हणजे एका कृत्याबद्दल न्यायालयाने पुराव्यावर दिलेला निर्णय. तिचे परिणाम तिच्या आधी लागू होता कामा नयेत, आणि लागू झाल्यावर त्यांना मुदत हवी. ही मुदत आपल्या कायद्याने वरच्या लोकांना दिली आहे आणि खालच्यांना दिलेली नाही. खरा अन्याय हा आहे.

मी या शहरात बरीच वर्षे फौजदारी वकिली करतो. सूरसागरासमोरच्या न्यायमंदिराच्या पायऱ्यांवर उमेदवारी केली, आता दिवाळीपुऱ्याच्या नव्या इमारतीत जातो. इतक्या वर्षांत एक गोष्ट बदललेली दिसली नाही. एफआयआर, अटक, आरोपपत्र, दोषारोप, दोषसिद्धी आणि शिक्षा हे सहा शब्द लोक एकाच अर्थाने वापरतात. एफआयआर म्हणजे कुणीतरी पोलिसांना दिलेली खबर. आरोपपत्र म्हणजे तपास करणाऱ्याचे मत. न्यायाधीश दोषारोप ठेवतात तेव्हाही ते एवढेच म्हणतात की खटला चालवण्याजोगे काहीतरी आहे. इथपर्यंत माणूस कायद्याच्या दृष्टीने निर्दोष असतो. साक्षी, उलटतपासणी, युक्तिवाद संपल्यावर न्यायालय जे ठरवते ती दोषसिद्धी, आणि शिक्षा ही तिच्यानंतरची वेगळी पायरी. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीला स्वतंत्रपणे ऐकून घेणे बंधनकारक केले, ते दोन प्रश्न वेगळे आहेत म्हणूनच. याने हे केले का, हा पहिला. केले असेल तर याचे आता काय करायचे, हा दुसरा.

हा भेद पुस्तकी नाही, हे सुरतेच्या खटल्यात देशाने पाहिले. २३ मार्च २०२३ रोजी तिथल्या न्यायालयाने राहुल गांधींना मानहानीच्या खटल्यात दोषी ठरवून दोन वर्षांची शिक्षा दिली आणि दुसऱ्या दिवशी खासदारकी गेली. पुढे सत्र न्यायालयाने शिक्षा स्थगित केली, तेव्हा ते सुटले असे कितीतरी लोकांना वाटले. तसे नव्हते. शिक्षेला स्थगिती म्हणजे तूर्त तुरुंगात जावे लागत नाही. अपात्रता दोषसिद्धीला चिकटलेली असते, आणि दोषसिद्धीलाच स्थगिती मिळाली ती सर्वोच्च न्यायालयातून, ४ ऑगस्टला. अपात्रतेला किमान दोन वर्षांची शिक्षा लागते, त्यामुळे ती एका दिवसाने जरी कमी असती तरी अपात्रता लागली नसती, हेही न्यायालयाने तेव्हा नोंदवले. आपल्याच राज्यातले हार्दिक पटेल विसनगरच्या दंगलीच्या खटल्यात २०१८ मध्ये दोषी ठरले. उच्च न्यायालयाने दोषसिद्धी स्थगित करायला नकार दिल्यामुळे २०१९ ची लोकसभा लढवू शकले नाहीत. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि त्याच वर्षी ते विरमगामचे आमदार झाले. दोघांचे पक्ष आज वेगळे, नियम एकच. आणि दोन्हीकडे अर्धे लोक "सुटला" म्हणत होते, अर्धे "गुन्हेगार". दोन्ही चूक. स्थगिती म्हणजे निर्दोष सुटका नव्हे, आणि अपील बाकी असताना दोषसिद्धी हा शेवटचा शब्दही नव्हे.

दोषसिद्धीच्या आधी परिणाम लादले तर काय होते, याचे उदाहरण बडोद्याच्या माणसाला बाहेर शोधावे लागत नाही. नोव्हेंबर १८७४ मध्ये इंग्रज सरकारचे इथले प्रतिनिधी, रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात विष सापडले आणि संशय थेट बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाडांवर गेला. जानेवारीत त्यांना अटक झाली आणि सहा जणांचा आयोग बसला. तीन इंग्रज, आणि तीन हिंदी: ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव राजवाडे. इंग्रजांना आरोप सिद्ध वाटला, हिंदी सदस्यांना वाटला नाही. तीन विरुद्ध तीन. म्हणजे दोषसिद्धी झालीच नाही. मग सरकारने काय केले? एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत केले आणि कारण बदलले: विषप्रयोगासाठी नव्हे, गैरकारभारासाठी. त्यांना मद्रासला धाडले, तिथेच १८८२ मध्ये त्यांचा अंत झाला. त्यांचा कारभार वाईट होता, हे मी नाकारत नाही. त्या पदच्युतीतूनच सयाजीराव गादीवर आले आणि आज आपण ज्याचा अभिमान बाळगतो ते बडोदे उभे राहिले, हेही खरे. पण परिणाम गोड झाला म्हणून पद्धत न्याय्य ठरते का? गैरकारभाराचीच चौकशी करायची होती तर विषाचा खटला कशाला मांडला? आरोप एक ठेवायचा, तो सिद्ध झाला नाही की दुसऱ्याच कारणाने ठरलेली शिक्षा द्यायची. एकदा ही वाट मोकळी झाली की तिच्यावरून कुणालाही नेता येते.

आजही आपण त्या वाटेकडे वळून वळून पाहतो. ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत आलेले १३०वे घटनादुरुस्ती विधेयक म्हणते की पाच वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात मंत्री सलग ३० दिवस अटकेत राहिला तर त्याचे पद जावे. तुरुंगातून कारभार चालवणे लाजिरवाणे आहे, याच्याशी मी सहमत आहे. पण ३० दिवसांत सिद्ध काय झालेले असते? फक्त एवढेच, की जामीन मिळाला नाही. आरोपींच्या घरांवर बुलडोझर चालवले गेले, तेव्हा १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की आरोपी काय, दोषी ठरलेल्या माणसाचेही घर त्या कारणासाठी पाडता येत नाही. मतदानाचेच पाहा. लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार तुरुंगात असलेल्याला मत देता येत नाही. त्यामुळे ज्याचा खटला अजून सुरूही झालेला नाही असा गरीब कच्चा कैदी जामिनाच्या पैशांअभावी मताला मुकतो, आणि दोषी ठरून अपिलात जामिनावर सुटलेला माणूस रांगेत उभा राहून मत देतो. ही विसंगती कुणाच्या बैठकीत येत नाही.

आता दोषसिद्धीनंतरचे पाहू, कारण मूळ दुखणे तिथे आहे. दोन वर्षे किंवा जास्त शिक्षा झालेला लोकप्रतिनिधी शिक्षा भोगून सुटल्यानंतर सहा वर्षे अपात्र राहतो, मग दार उघडते. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला वकिलीची सनद मिळत नाही, पण सुटकेनंतर दोन वर्षांनी तो अडसर संपतो. सहा महिने किंवा अधिक शिक्षा झालेला माणूस शिक्षा संपल्यावर पाच वर्षांनी कंपनीचा संचालक होऊ शकतो. शिक्षा सात वर्षांची किंवा त्याहून मोठी असली तरच कायमची बंदी. पासपोर्ट नाकारायचा तर दोषसिद्धी आधीच्या पाच वर्षांतली हवी, गुन्हा नैतिक अधःपतनाचा हवा आणि शिक्षा किमान दोन वर्षांची हवी. शस्त्र कायद्यातली बंदीसुद्धा शिक्षा संपल्यानंतर पाच वर्षांची. म्हणजे विधानसभा, सनद, संचालकपद, परदेशप्रवास आणि बंदूक, या सगळ्यांना संसदेने मुदत घातली. आणि ड्रायव्हर, शिपाई, सुरक्षारक्षक, शाळेतला पट्टेवाला? नेमणुकीआधी चारित्र्य पडताळणीसाठी ते भरतात त्या साक्षांकन अर्जातला प्रश्न असा असतो: तुम्हाला कधी अटक झाली आहे का? कधी खटला चालला का? कधी न्यायालयाने दंड केला का, दोषी ठरवले का? कधी. या शब्दाला ना दोन वर्षे आहेत, ना पाच, ना सहा.

सरकारी नोकराबाबत संविधानाच्या ३११व्या कलमाचा दाखला देतात. तो नीट वाचावा. ज्या 'वर्तनामुळे' माणूस दोषी ठरला त्या वर्तनाच्या आधारे खात्याला चौकशीशिवाय बडतर्फ करता येते, असे तिथे आहे. शब्द वर्तन आहे. म्हणजे वर्तन काय होते, नोकरीशी त्याचा संबंध काय, हे अधिकाऱ्याने डोके लावून पाहायचे आहे, आणि न्यायालयांनीही ते वारंवार सांगितले आहे. प्रत्यक्षात निकालपत्राची प्रत फाइलला लागते आणि आदेश निघतो. बडतर्फ झालेल्याला पुढे सरकारी नोकरीचे दार बहुधा बंदच.

माझ्या हातून घडलेले सांगतो. आमच्या गुजरातेत श्रावणात सातम-आठमला, म्हणजे गोकुळाष्टमीच्या सुमारास, पत्त्यांचे डाव बसतात आणि पोलिसांच्या धाडीही ठरलेल्या. काही वर्षांपूर्वी ओळखीतला एक विशीचा मुलगा असाच पकडला गेला. ओट्यावर तीन पत्ती, समोर दोन-तीनशे रुपये. मी त्याला तेच सांगितले जे कोर्टाच्या आवारात प्रत्येक वकील सांगतो: "कबूल कर, दंड भर, संध्याकाळपर्यंत घरी." त्याने कबूल केले, त्याच्या आईने दंड भरला, सगळ्यांना सुटल्यासारखे वाटले. पण कबुलीवर झालेली दोषसिद्धीही दोषसिद्धीच असते, आणि वर तिच्यावर सहसा अपीलही करता येत नाही. शिक्षा किती आणि ती कायदेशीर का, एवढ्यापुरतेच येते. हे मी त्या दिवशी त्याला सांगितले नाही. अनेक वर्षांनी त्याची एका संस्थेत ड्रायव्हर म्हणून निवड झाली. अर्जात त्याने खरे लिहिले आणि नेमणूक थांबली. त्याने गाडी कशी चालवली, दारू पितो का, कधी अपघात केला का, यातले काहीच कुणी विचारले नाही. तो माझ्याकडे आला तेव्हा त्याचा प्रश्न साधा होता: "सर, दंड भरला होता ना? मग अजून काय राहिलं?" शिक्षा संपली होती. परिणाम संपला नव्हता, आणि तो कधी संपतो हे सांगणारे कलम माझ्याकडे नव्हते. त्यानंतर मी "कबूल कर" हा सल्ला तोंडातून काढण्याआधी समोरच्याला अर्ज भरायचा आहे का, हे विचारतो.

हे मला एकट्याला सलते असेही नाही. १९९६ मध्ये हरियाणातल्या एका तरुण सरकारी नोकराचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. अश्लील वर्तनाच्या किरकोळ खटल्यात त्याला २० रुपये दंड झाला होता आणि त्यावरून नोकरी गेली होती. न्यायालयाने त्याला नोकरी परत दिली आणि पुढे जाऊन संसदेला विनवले: साधारण २००० रुपयांपर्यंतच्या दंडाची दोषसिद्धी कोणत्याही कारणासाठी, विशेषतः सरकारी नोकरीसाठी, दोषसिद्धी धरू नये, अशी तरतूद करा, आणि यात उशीर करू नका. वीस रुपयांवर तरुणाचे आयुष्य पणाला लावू नये, हा त्यामागचा भाव. तसा सर्वसाधारण कायदा अजून झालेला नाही. आमदारांच्या सहा वर्षांवर मात्र आपण रोज तावातावाने बोलतो.

माझ्या विरोधातला सर्वांत वजनदार मुद्दा पीडितांचा आहे, आणि तो मी मान्य करूनच पुढे जातो. ज्या मुलीवर अत्याचार झाला तिच्यासाठी पाच वर्षांनी काहीच संपत नाही. लहान मुलांवर अत्याचार केलेला माणूस पंधरा वर्षांनी शाळेच्या बसवर ड्रायव्हर म्हणून येत असेल तर शाळेला ते कळलेच पाहिजे. यावर माझा वाद नाही. पण म्हणूनच तर गुन्ह्यागुन्ह्यात फरक करणारा कायदा हवा. इंग्लंडने १९७४ मध्ये असा कायदा केला. ठरावीक काळ पुन्हा गुन्हा न केलेल्या माणसाची जुनी दोषसिद्धी 'संपलेली' मानली जाते आणि नोकरी मागताना ती सांगावी लागत नाही. मोठ्या शिक्षा त्यातून वगळल्या, मुलांजवळच्या नोकऱ्या वगळल्या. पन्नास वर्षे झाली, तिथल्या पीडितांचा न्याय काही बुडाला नाही. आपल्याकडे काय आहे? अल्पवयीनांसाठी २०१५ चा कायदा बहुतेक बाबतीत अपात्रता पुसतो. प्रौढांसाठी १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचे बारावे कलम आहे, पण ज्याला शिक्षेऐवजी समज देऊन किंवा चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडले त्यालाच ते लागते, आणि त्यालाही खातेनिहाय कारवाईपासून ते वाचवत नाही. ज्याने पूर्ण दंड भरला, पूर्ण कैद भोगली, त्याला काहीच नाही. सर्व दोषसिद्धी एकाच मापाने मोजल्या तर सुक्याबरोबर ओलेही जळते, आणि अत्याचारी व तीन पत्तीवाला एकाच फाइलीत बसतात. त्याने पीडितेला तरी काय मिळते?

दुसरा आक्षेप असा की कायदे करणाऱ्याकडून जास्त अपेक्षा ठेवायला हवी. हवीच. सहा वर्षे अपुरी वाटत असतील तर दहा करा. भ्रष्टाचाराला वेगळी, मोठी मुदत ठेवा. पण केंद्राच्या प्रतिज्ञापत्रातले तत्त्व मला पटते: बंदीला मुदत असली की जरबही राहते आणि अवाजवी कठोरपणाही टळतो. माझी तक्रार एवढीच की हे तत्त्व सरकारला लोकप्रतिनिधींच्या बाबतीत आठवले आणि स्वतःच्याच शिपायांच्या बाबतीत आठवले नाही. आमदाराला माफ करायचे की नाही हे ठरवायला निदान मतदार तरी असतात. त्या मुलाला मतदारसंघ कुठला?

तिसरा आक्षेप बडोद्याच्या माणसाला जास्त टोचतो. लोक म्हणतात, न्यायालयाच्या निकालावर विश्वास कसा ठेवायचा, साक्षीदार फुटतात, दोषी सुटतात. म्हणून एफआयआरवरच माणूस ओळखावा. बेस्ट बेकरी आपल्याच शहरातली. १ मार्च २००२ ला दंगलीत तिथे चौदा माणसे मारली गेली, आणि जून २००३ मध्ये सर्व एकवीस आरोपी सुटले. त्या सुटकेवर विश्वास ठेवा, असे मी कोणत्या तोंडाने सांगू? पण पुढे काय झाले तेही त्याच श्वासात आठवावे. एप्रिल २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खटला महाराष्ट्रात नव्याने चालवायला लावला. २००६ मध्ये मुंबईत नऊ जण दोषी ठरले. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांतल्या पाच जणांना सोडले आणि चौघांची दोषसिद्धी कायम ठेवली. बिघडलेला निकाल दुरुस्त झाला तो न्यायालयातच, पुराव्यावर, एकेका आरोपीचा वेगळा विचार करून. एफआयआरवर माणसे ओळखणाऱ्यांच्या यादीत ते पाच आणि हे चार कधी वेगळे झाले असते का? जुन्या गुन्ह्यावरून नवा ठरवू नये म्हणून सत्र न्यायालयात तर नियमच असा आहे की आरोपी आधी दोषी ठरला होता हे आरोपात नमूद असले, तरी आताचा दोष सिद्ध होईपर्यंत न्यायाधीशासमोर त्याचा उच्चार करायचा नाही. प्रशिक्षित न्यायाधीशाचेही मन कलुषित होईल अशी भीती कायद्याला वाटते, आणि कार्यालयातल्या हेडक्लार्कसमोर मात्र तीच माहिती पहिल्या पानावर असते.

कायमच्या शिक्क्याची ओढ आपल्याकडे जुनी आहे. कंपनी सरकारच्या काळात जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदत असत. १८४९ मध्ये कंपनी सरकारनेच ती प्रथा बंद केली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्याहून पुढची मजल मारली: कृत्य नाही, खटला नाही, जन्मावरूनच गुन्हेगार. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण पारधी, छारा, कंजर यांच्या वस्तीत चोरीनंतर पोलीस आधी कुठे जातात, हे कोर्टात रोज बसणाऱ्याला ठाऊक आहे. आणि शिक्का कुणावर बसतो? १९२२ मध्ये अहमदाबादेत राजद्रोहाबद्दल दोषी ठरल्यावर गांधीजींचे नाव लंडनच्या इनर टेंपलने बॅरिस्टरांच्या यादीतून काढले. नियमाप्रमाणे ते रास्तच होते. ते परत घालायला १९८८ उजाडले, त्यांच्या हत्येनंतर चाळीस वर्षांनी.

संसदेने प्रौढांसाठी सर्वसाधारण पुनर्वसन कायदा करावा, ही माझी मोठी मागणी आहे. त्यात गुन्ह्यांचे आणि नोकऱ्यांचे वर्ग पाडावेत, मुदती ठरवाव्यात, अपवाद स्पष्ट लिहावेत. त्याला वेळ लागेल हे मला कळते. पण काही गोष्टी संसदेवाचूनही होतील. नोकरीच्या अर्जात खटल्याची माहिती लपवण्याबद्दलच्या अवतारसिंह प्रकरणात २०१६ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की माहिती लपवणे वाईट, पण किरकोळ प्रकरण, त्या वेळचे वय, पदाचे स्वरूप हे पाहून नेमणूक करणाऱ्याने विवेकाने ठरवावे. गुजरात सरकार आपल्या भरतीच्या अर्जांत याप्रमाणे रकाना पाडू शकते: दंड किती, वय किती, किती वर्षे झाली. बडोदा महापालिकेलाही आपल्या भरतीत ही वाट धरता येईल. आणि कबुली नोंदवण्याआधी मॅजिस्ट्रेटसाहेबांनी आरोपीला त्याच्या भाषेत एक वाक्य सांगावे, की हा दंड भरलास तर तू दोषी ठरशील आणि पुढे प्रत्येक अर्जात हे लिहावे लागेल. पुढच्या श्रावणाच्या आत निदान हे वाक्य आमच्या कोर्टात ऐकू यावे, यासाठी मी आमच्या वकील मंडळींकडे अर्ज केला आहे. सहीला या.